रुसलेला ई-रीडर

उन्हाळी सुटीनंतर गुरुजी शाळेचे कपाट उघडतात, तर ई-रीडर सुरूच होत नाही! पडद्यावर चित्र मात्र दिसते. त्याला भुलू नका. ई-शाईचा पडदा वीज नसतानाही शेवटचे चित्र धरून ठेवतो. बॅटरी पार उतरलेली असू शकते. म्हणून लगेच भंगारात टाकू नका. दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून पाहा. दिवा लागला नाही, तरी दोन-तीन तास तसाच राहू द्या. मग, किंडल असेल तर, त्याचे बटण 40 सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगून पाठ वर आली असेल, तर मात्र चार्जरला लावूच नका, जाणकाराकडे द्या. आणि पुढल्या सुटीत अधूनमधून चार्ज करा. बैल जुंपला नाही, तरी त्याला वैरण लागतेच की!