सुप्याची आग

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खतावण्या. हाती लागतील ते कागद त्यांनी भर रस्त्यात जाळले. काही दुकानं आणि घरंही पेटली. मात्र रोखे मुकाट्यानं देणाऱ्या सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. हा राग नेमका कशावर होता, ते इथंच कळतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सारा रोखीतच भरायचा, म्हणून पुन्हा सावकाराचं दार. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठायचा आणि कोर्ट तोच कागद खरा मानायचं. आधी शिरूरकडच्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकून पाहिला. न्हावी, परीट यांनीही त्यांची कामं थांबवली. कोर्टाच्या जप्तीपुढे तो उपाय अपुरा पडला.

जाळपोळ समर्थनीय नव्हती, पण दाद मागायला शेतकऱ्याला जागाच उरली नव्हती. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.