विजेची दुचाकी आणि तिचा विमा



या व्यासपीठावरून राज्यकारभार, वाङ्मय, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर बोलण्याची रीत आहे. तेथे मी दुचाकीच्या विम्यासारखा रोकडा विषय घेऊन उभा आहे, म्हणून कोणी नाक मुरडू नये. येताना मंडपाबाहेर हिरव्या पाटीच्या बऱ्याच गाड्या दिसल्या. त्यांच्या मालकांना मी एवढेच विचारतो, की आपले विमापत्र आपण कधी वाचले आहे काय?

माझ्या एका शेजाऱ्यांनी ते वाचले नव्हते. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला पुराचे पाणी शिरले, त्यात त्यांची विजेची गाडी बुडाली. कागद घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "अहो, पाच वर्षांचा विमा आहे, घाबरायचे कारण नाही." कागद पाहिला. विमा पाच वर्षांचा होता खरा, पण कोणाचा? तिऱ्हाइताचा! गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पहिल्या वर्षापुरताच होता, आणि तो सरून गेला होता. त्यांच्या पदरी एक पैही पडली नाही.

ही चूक समजण्याजोगी आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिऱ्हाइताचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाची सक्ती एवढ्यापुरतीच आहे. आपल्या गाडीचा धक्का लागून दुसऱ्याला इजा झाली, तर त्याची भरपाई व्हावी, हा त्या कलमाचा हेतू. हा हप्ता सरकार ठरवून देते. १ जून २०२२ च्या दरपत्रकात तीन किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीला वर्षाला ४५७ रुपये आणि तीन ते सात किलोवॅटच्या गाडीला ६०७ रुपये असा दर होता. तो सर्व कंपन्यांना सारखाच. तेथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. निवड करायची ती पुढच्या भागात.

त्या भागात पहिला प्रश्न बॅटरीचा. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी ही किरकोळ वस्तू. विजेच्या गाडीत मात्र सर्वांत महाग भाग तोच. आता गंमत पाहा. मोडतोडीची भरपाई देताना रबर, प्लॅस्टिक, टायर यांच्याप्रमाणे बॅटरीवरही निम्मा घसारा कापावा, असा विम्याचा जुना दंडक आहे. पेट्रोलच्या काळात तो कोणाला जाणवला नाही. आज साठ हजारांची बॅटरी अपघातात फुटली, तर तीस हजार आपल्या खिशातून जातात! यावर उपाय म्हणून 'झीरो डेप्रिसिएशन' नावाची पुरवणी मिळते. परंतु काही पुरवण्यांतून बॅटरी वगळलेली असते. म्हणून 'या पुरवणीत बॅटरी आहे काय?' हे लेखी विचारावे. तसेच पाणी शिरून मोटार किंवा बॅटरी बिघडली तर काय, हेही विचारावे. कारण साध्या विम्यात विजेचा अंतर्गत बिघाड आणि झीज धरलेली नसते. वापराने बॅटरी क्षीण होणे हा कारखानदाराच्या हमीचा विषय आहे, विम्याचा नव्हे. हमीपत्र आणि विमापत्र ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली म्हणजे मधली फट दिसते.

दुसरा प्रश्न माणसांचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण मागच्या आसनावर पत्नीला, मुलीला, म्हाताऱ्या आईला बसवतो. केवळ कायद्यापुरता विमा असेल, तर त्यात मागे बसलेले माणूस येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची सोय आहे, आणि आपल्या पाठीशी बसलेल्या जिवलगाची नाही! सर्वंकष विम्यात ही सोय होते. तरी ती शब्दांत लिहिलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. चालविणाऱ्या मालकासाठी पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तोही चालू आहे ना, हे तपासावे. आणि घरचा मुलगा त्याच गाडीवरून पैसे घेऊन सामान पोचवीत असेल, तर कंपनीला आधी कळवावे. खासगी वापराच्या विम्यात भाड्याचा धंदा बसत नाही.

काही मंडळी म्हणतील, "आमची गाडी लहान, तिला विमा लागतच नाही." अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या हलक्या गाडीला कायद्याने नोंदणीची आणि विम्याची सक्ती नाही, हे खरे. पण त्याच गाडीचा वेग कारागिराकडून वाढवून घेतला, की ही सवलत संपते. आणि सक्ती नसली तरी जबाबदारी सुटत नाही. अशा गाडीने एखाद्या म्हाताऱ्याचा पाय मोडला, तर भरपाई मालकाच्याच घरातून जाणार.

स्वस्त हप्ता शोधायला मी मना करीत नाही. मध्यमवर्गाला काटकसर शिकवावी लागत नाही. माझे म्हणणे इतकेच, की हप्त्याचा आकडा शेवटी पाहावा. आधी पाहावे ते असे: नुकसानीचा विमा केव्हा सरतो, बॅटरी त्यात आहे काय, आणि मागे बसणारे माणूस त्यात आहे काय. आज घरी गेल्यावर कपाटातला तो कागद काढा, आणि या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात काय ते पाहा. न सापडल्यास उद्याच चौकशी करा; पावसाळा फार दूर नाही.