खुनी आधीच ठाऊक असतो
(तरुणांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजण हसले. टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हवर भाषण? करमणुकीवर काय बोलायचं? मी म्हणतो, करमणुकीवरच बोलायचं. अग्रलेख वाचताना माणूस सावध असतो. टीव्हीसमोर पाय पसरून बसला की तो सावध नसतो. कुणावर संशय घ्यायचा, कुणाला साहेब म्हणायचं, कुणाच्या घराची झडती घ्यायची, हे सगळं त्या वेळी गुपचूप डोक्यात शिरतं. म्हणून आज एका अमेरिकन मालिकेची चिरफाड करू. तिचं नाव 'कोलंबो'.

आधी नेहमीची गुप्तहेरकथा घ्या. एक बंगला, एक प्रेत, आणि आठ-दहा माणसं रांगेनं उभी. नोकर, माळी, ड्रायव्हर, गरीब भाचा, परगावचा पाहुणा. खुनी कोण ते शेवटच्या पानावर. तोपर्यंत लेखक आपल्याला एकेकाच्या अंगावर सोडतो. आज याच्यावर संशय घ्या, उद्या त्याच्यावर. शेवटी एक सापडतो आणि बाकीचे सुटतात. पण ज्यांच्यावर खोटा संशय घेतला त्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. संशय हा तिथं खेळ असतो. ज्याला रात्री-अपरात्री चौकीत नेऊन बसवतात, त्याला विचारा हा खेळ कसा लागतो ते.

'कोलंबो'नं हा खेळच मोडला. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. कोण मारतो, कसा मारतो, पुरावा कुठं लपवतो, खोटी साक्ष कशी रचतो, सगळं दिसतं. हा सगळा वेळ नायकाचा पत्ताच नसतो. तो येतो प्रेत पडल्यावर. 'कोणी केलं' हा प्रश्न उरतच नाही. उरतो तो एवढाच की हा पकडला जाणार कसा?

ही रीत मालिकेनं शोधली नाही. आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकानं १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात उलट्या बांधणीच्या कथा लिहिल्या. त्याआधी १८६६ साली दोस्तोयव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मध्ये खुनी पहिल्यापासून आपल्यासमोर असतो, आणि पोर्फिरी नावाचा अधिकारी गोड बोलत बोलत त्याला घेरत जातो. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन लेखकमित्रांनी आपल्या कोलंबोला याच पोर्फिरीचा वारसा दिला. पात्र टीव्हीवर पहिल्यांदा आलं १९६० साली, मग १९६२ साली नाटकात. १९६८ साली पीटर फॉक त्या भूमिकेत आला आणि १९७१ पासून मालिका सुरू झाली. नियमित मालिकेचा पहिला भाग दिग्दर्शित केला होता तरुण स्टीव्हन स्पीलबर्गनं. १९७८ पर्यंत एका वाहिनीवर, मग १९८९ ते २००३ दुसऱ्या वाहिनीवर, असे एकूण ६९ भाग झाले. फॉक २०११ साली गेला.

आता या मालिकेचे ठरलेले संकेत बघा. खुनी नेहमी वरचा. सर्जन, वकील, वाद्यवृंदाचा संचालक, कलासमीक्षक, बडा लेखक. घर टेकडीवर, बागेत पोहण्याचा तलाव. आणि तिथं येतो हा लेफ्टनंट. चुरगळलेला रेनकोट, हातात स्वस्त सिगार, गाडी खटारा झालेली जुनी प्युजो. इटालियन वंशाचा, साध्या घरातला. बायकोच्या गोष्टी सांगतो, पण बायको कधी दिसत नाही. खुन्याला 'सर, सर' करतो. त्याचं घर बघून हरखतो, हे कितीला घेतलं म्हणून विचारतो. खुनी त्याला खुळ्यात काढतो. निरोप घेऊन हा दारापर्यंत जातो, थांबतो, कपाळाला हात लावतो आणि वळून म्हणतो, अजून एकच गोष्ट, सर.

तिथं पहिला टाका उसवतो.

गंमत कशात आहे? खुनी हरतो तो त्याच्या वर्गाच्या घमेंडीमुळं. असल्या कपड्यातला माणूस आपल्यापेक्षा हुशार असेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. म्हणून तो बोलत राहतो, आणि जास्त बोलतो. कोलंबोला पुरावे कमी पडतात तिथं खुन्याचा तुच्छपणा कामाला येतो. हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'याला काय कळतंय' असं तोंडावर म्हणणाऱ्यांच्या वर्गात, हापिसात, कचेरीत आपण आयुष्य काढलंय. त्यामुळं कोलंबो दारातून वळला की आपल्याला बरं वाटतं. बरं वाटू द्या, त्यात वाईट काही नाही.

१९७३ चा एक भाग आहे, 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'. वाईनचा थोर जाणकार आपल्या सावत्र भावाला डोक्यात घाव घालून बांधतो, वाईनच्या तळघरात टाकतो, तिथलं वातानुकूलन बंद करतो आणि न्यूयॉर्कला निघून जातो. भाऊ गुदमरून मरतो. कोलंबोला वाईनमधलं ओ की ठो कळत नसतं. तो दुकानात जातो, जाणकाराला विचारतो, चाखतो, शिकतो. त्या आठवड्यात शहरात प्रचंड ऊन पडलेलं असतं हे तो शोधून काढतो. शेवटी खुन्याच्याच तळघरातली बाटली त्याच्यापुढं ठेवतो. घोट घेताच हा जाणकार भडकतो, ही वाईन उन्हानं नासलीय म्हणून. म्हणजे तळघर थंड नव्हतं! ज्या जिभेचा त्याला गर्व, तिनंच साक्ष दिली. वरच्यांचं ज्ञान हे जन्मानं मिळत नाही, चार दिवस मन लावलं तर रेनकोटवालाही ते मिळवतो, आणि त्याच ज्ञानानं त्यांना पकडतो. एवढी मोठी गोष्ट हा भाग कुठलंही भाषण न देता सांगून जातो.

या बांधणीचे तीन फायदे लक्षात घ्या. एक, खुनी ठाऊक असल्यामुळं नोकर-माळ्यावर प्रेक्षकाचा संशय जात नाही. तो बिचारा साक्षीदार होतो, माणूस होतो. दोन, मारहाण लागत नाही. कोलंबोचं हत्यार म्हणजे प्रश्न. पिस्तुलाचं त्याला वावडं. एका भागात तर नेमबाजीची सक्तीची परीक्षा चुकवत फिरतो आणि शेवटी दुसऱ्या पोलिसाला आपल्या नावावर धाडतो. तीन, कथेचं सगळं वजन पडतं सिद्ध करण्यावर. ठाऊक असणं एक आणि सिद्ध होणं दुसरं. या दोहोंमधली वाट हीच कथा. हा तिसरा मुद्दा नीट धरून ठेवा. पुढं त्याचीच गरज आहे.

त्याआधी आणखी एक भाग. १९७४ चा, 'अ फ्रेंड इन डीड'. यात खुनी खुद्द पोलीस खात्यातला बडा साहेब, कोलंबोचा वरिष्ठ. शेजारी आपल्या बायकोचा खून करून याच्याकडं येतो. साहेब तो खून त्या भागात घरफोड्या करणाऱ्या चोरावर ढकलायचं ठरवतो. मग त्याच सोयीत स्वतःच्या श्रीमंत बायकोलाही बुडवून मारतो. दोन खून, आणि दोन्ही एका रेकॉर्डवरच्या माणसाच्या नावावर! रेकॉर्डवरचा माणूस म्हणजे काय चीज असते, हे आपल्या वस्तीत वेगळं सांगायला नको. तर साहेब चोराची फाईल मागवतो, पत्ता बघतो, त्या खोलीत दागिने नेऊन टाकतो आणि फौज घेऊन झडतीला येतो. दागिने सापडतात. कोलंबो शांतपणे म्हणतो, ही खोली त्या चोराची नाहीच, मी भाड्यानं घेतलीय. फाईलमध्ये पत्ता त्यानंच बदललेला. तो पत्ता खरा समजून दागिने टाकणारा माणूस एकच असू शकतो.

मुद्देमाल पोलीस स्वतः नेऊन टाकतात, हे अमेरिकेच्या घराघरांत करमणुकीच्या वेळी दाखवलं गेलं. याला मी धाडस म्हणतो. पण बघा, दोष एका साहेबाचा ठरला. खातं स्वच्छ राहिलं, कारण पकडणाराही खात्यातलाच. व्यवस्थेतला एक किडका आंबा काढला, आढी शाबूत.

इथून पुढं मालिकेचं खोटं सुरू होतं.

कोलंबोचं शहर लॉस एंजेलिस. त्याच शहराच्या पोलिसांना टीव्हीची ताकद लवकर कळली होती. १९५१ पासून 'ड्रॅगनेट' ही मालिका खात्याच्या मदतीनं चालायची. संहिता खातं तपासायचं, पडद्यावरचा पोलीस खात्याला हवा तसाच असायचा. आणि रस्त्यावर? ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत एका तरुणाची गाडी अडवण्यावरून ठिणगी पडली. सहा दिवस वस्ती पेटली. ३४ माणसं मेली. ८ डिसेंबर १९६९ ला त्याच शहरात सेंट्रल अव्हेन्यूवरच्या ब्लॅक पँथरांच्या कचेरीवर शेकडो पोलीस चालून गेले आणि काही तास गोळीबार चालला. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, तेच हे पँथर. पुढं दोन वर्षांनी कोलंबो दर आठवड्या-महिन्याला त्याच शहरातल्या श्रीमंतांच्या दारात 'सॉरी सर' म्हणत उभा राहू लागला. त्याची खटारा गाडी टेकडीवर चढते. वॉट्सकडं मात्र ती वळत नाही. तिथं पोलीस प्रश्न विचारत नव्हते, हे दाखवायची सोयच त्या संकेतात नाही.

आता तिसऱ्या मुद्द्याकडं या. माहीत असणं आणि सिद्ध होणं.

३ मार्च १९९१. त्याच लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर आडवा पाडून लाठ्यांनी झोडला. समोरच्या घरातून एकानं त्याचं चित्रण केलं. जगानं ते बघितलं. म्हणजे बघा, ही हुबेहूब 'कोलंबो'ची बांधणी. गुन्हा आधी दिसला, करणारे आधी दिसले, प्रेक्षकाला काहीच शोधायचं नव्हतं. फक्त शेवट उरला होता. २९ एप्रिल १९९२ ला शेवट आला. ज्या ज्यूरीत एकही काळा माणूस नव्हता, तिनं चौघा पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं. शहर पेटलं, पन्नासवर माणसं मेली. १९९३ साली केंद्रीय न्यायालयात चौघांपैकी दोघे दोषी ठरले, तेही शहर जळल्यावर. आणि त्याच वर्षांत टीव्हीवर कोलंबोचे नवे भाग चालू होते, ज्यात दिसलेला गुन्हा दर वेळी सिद्ध होत होता.

आपल्याकडचं एकच उदाहरण देतो. १९६८, कोलंबो म्हणून पीटर फॉक पहिल्यांदा दिसला ते साल. त्याच सालच्या २५ डिसेंबरला तामिळनाडूत तंजावर जिल्ह्यातल्या किळवेणमणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या बायका-पोरांसह ४४ जणांना झोपडीत जाळून मारलं. कुणी मारलं हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. खालच्या कोर्टानं जमीनदाराला शिक्षा दिली. १९७३ साली मद्रास हायकोर्टानं सोडलं. सोडताना कोर्टानं जे म्हटलं त्याचा आशय असा, की एवढे जमीनजुमला असलेले श्रीमंत लोक स्वतः पायी चालत जाऊन घरं पेटवतील हे पटत नाही.

ऐकलंत? श्रीमंत माणूस स्वतःच्या हातानं असलं करणारच नाही! 'कोलंबो'तला प्रत्येक खुनी नेमका याच समजुतीवर विसंबून असतो. मालिकेत ती समजूत दीड तासात फुटते. कोर्टात ती निकालाचा आधार झाली.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या माणसांवरच्या अत्याचारांच्या कथा रहस्यकथा नाहीतच. त्यात 'खुनी कोण' हा प्रश्न कधीच नव्हता. गावाला ठाऊक असतं, फौजदाराला ठाऊक असतं, पंचनामा लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. या सगळ्या उलट्या कथा आहेत. तरीही आपल्यातले लिहिणारे अजून शेवटी गौप्यस्फोट ठेवतात, पाटलाचा मुखवटा शेवटच्या पानावर काढतात. कुणासाठी काढता? वाचकाला तो पहिल्या पानावरच ओळखू येतो. त्यापेक्षा पहिल्याच पानावर सांगून टाका, याचं नाव हे, यानं हे केलं. आणि मग लिहा पुढचं. फिर्याद नोंदवायला किती दिवस लागले, साक्षीदार कसा फिरला, कोणत्या कागदातून कोणतं नाव गळलं, तारखा किती पडल्या, बाईला कोर्टात काय काय विचारलं. आपली कथा तिथं आहे, आणि ती लिहायला कोलंबोइतकीच चिकाटी लागते.

मालिका अटकेवर संपते. खुनी गाडीत बसतो, नावं वर सरकतात. आपल्याकडं अटक झाली तर ती सुरुवात असते.

तेव्हा मालिका जरूर बघा. त्या रेनकोटवाल्याकडून एक गोष्ट उचला. दारातून परत वळायची. साहेब म्हणेल झालं, फाईल बंद. आपण कपाळाला हात लावून परत वळायचं आणि विचारायचं, अजून एकच गोष्ट, साहेब. फरक एवढाच, की तो एकटा जातो आणि त्याच्या खिशात पोलिसाचा बिल्ला असतो. आपल्या खिशात बिल्ला नाही. म्हणून आपण एकट्यानं जायचं नाही.