स्प्रिंकलर आणि हिवाळा



आग विझविणाऱ्या स्प्रिंकलरचे तत्त्व साधे आहे. छतालगत पाण्याने भरलेले नळ असतात आणि उष्णतेने डाख वितळला की नळांची तोंडे आपोआप उघडतात. अमेरिकेत न्यू हेवन येथील हेन्री पार्मली यांनी १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्यात अशी योजना केली होती. अडचण येते ती थंड प्रदेशात. इमारत उबदार ठेवलेली असते. परंतु तिचा पोटमाळा किंवा माल उतरविण्याचा उघडा धक्का उबदार नसतो.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. नळ मात्र बर्फाच्या जागीच फुटतो असे नाही. वाढणारा बर्फ पुढच्या पाण्याला बंद तोंडाकडे रेटतो आणि तेथील एखादा सांधा उकलतो. याहून भयंकर गोष्ट अशी की, बर्फ असताना आग लागली, तर तोंड उघडूनही पाणी येत नाही.

अशा भागातील नळांत पाण्याऐवजी दाबाखालील हवा भरता येते. तोंड उघडताच हवा निघून जाते आणि उबदार खोलीत बसविलेली झडप पाणी सोडते. यात थोडा विलंब होतो. शिवाय नळांना उतार देऊन सखल जागी साचलेले पाणी थंडीपूर्वी काढावे लागते.

जागा लहान असेल, तर पाण्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळणे स्वस्त पडे. पण हे द्रव स्वतःच ज्वलनशील आहेत! थंडीच्या धास्तीने कोणी ते जरा जास्तच ओतले, तर काय होते? २००९ साली कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे एका घरात स्वयंपाकाचे तेल पेटले. ग्लिसरीनचे प्रमाण फार असलेला फवारा त्या आगीवर पडला, ज्वाळा भडकल्या आणि एकाला प्राण गमवावे लागले. त्यानंतर प्रयोग झाले, प्रमाणावर मर्यादा आल्या आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने नव्या यंत्रणांसाठी केवळ कसोटीस उतरलेली मिश्रणेच ग्राह्य धरली.

घरांपुरते माझे मत असे की, मिश्रणाच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. नळ पोटमाळ्यातील उष्णतारोधक थराच्या खाली, खोलीच्या बाजूस ठेवावेत, म्हणजे खालची ऊब त्यांना मिळते. जेथे जुने मिश्रण आहे, तेथे दरवर्षी थंडीपूर्वी त्याचा नमुना वरून व खालून, असा दोन्ही ठिकाणांहून घ्यावा. नीट न मिसळलेले ग्लिसरीन जड असल्याने तळाशी उतरते, आणि एकाच ठिकाणचा नमुना फसवतो.