ज्युबिली आणि आपली पत

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीसाठीं भरलेल्या धर्मग्रामसभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. मंदिरास रंग दिला जात आहे, मांडवाचीं व बँडचीं बोलणीं चाललीं आहेत, देणग्यांचा ओघही चांगला आहे. या सर्वांबद्दल मी आपला ऋणी आहें. परंतु ज्या शब्दाच्या नांवानें आपण हा उत्सव करीत आहों, त्याचा अर्थ आधीं पाहूं या. कारण तो शब्द मूळचा मांडवाचा नव्हे, तो जमिनीचा व कर्जाचा आहे.

जुन्या करारांतील लेवीय नामक ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीची आज्ञा आहे. वर्षांचीं सात सप्तकें सरलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें. अडचणीपायीं ज्यानें जमीन विकली त्यास ती परत मिळावी. ज्यानें स्वतःस विकलें त्यानें मोकळें होऊन आपल्या कुळाकडे जावें. म्हणून जमिनीची किंमत ठरवितांना पुढील ज्युबिलीपर्यंत किती पिकें यावयाचीं तेवढीं मोजावीं, असा तेथें नियम आहे. विकावयाचीं तीं पिकें, भूमि नव्हे. भूमि देवाची, माणूस तिच्यावरील मिरासदार नव्हे, उपरी.

माझे वडील वाडीवाले होते. केळी, पानवेली, थोडीं फुलझाडें व एक विहीर, एवढाच आमचा संसार. एके वर्षीं शेजाऱ्यानें गांवच्या पतसंस्थेकडून कर्ज काढलें व वडील त्यास जामीन राहिले. पुढें शेजारी अंथरुणास खिळला, हप्ते थकले, आणि चार वर्षें ते वडिलांनीं भरले. मी तेव्हां सेमिनरींत होतों. सुटींत घरीं आलों असतां, चार पुस्तकें वाचल्याच्या तोऱ्यांत मीं त्यांना म्हटलें, “हा व्यवहार शहाणपणाचा झाला नाहीं.” ते शांतपणें म्हणाले, “अरे, तो बुडवा नाहीं, अडला आहे. मी अडलों असतों तर तो उभा राहिला नसता काय?”

त्या साध्या उत्तरांत एक संपूर्ण अर्थशास्त्र सांठविलेलें होतें, हें मला फार उशिरां उमगलें. जर्मनींत फ्रीडरिख रायफायझेन (1818–1888) या गृहस्थानें सावकाराच्या पाशांतून शेतकऱ्यांस सोडविण्यासाठीं खेड्यांतून पतसंस्था काढल्या. गरिबांजवळ तारण कोठचें? म्हणून त्यानें असा नियम घातला कीं संस्था लहानशा टापूपुरती असावी, सभासद एकमेकांस ओळखणारे असावे, व देण्याची जबाबदारी सर्वांनीं मिळून वाहावी. शेजाऱ्याचा शब्द हेंच तारण. 1904 च्या कायद्यानें आपल्या देशांत अशा संस्थांना वाट मोकळी झाली. 1909 सालीं रांचीकडे येशूसंघीय फादर होफमान यांनीं आदिवासी ख्रिस्ती जनांसाठीं कॅथॉलिक पतसंस्था स्थापिली. 1918 सालीं मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें आपल्या वसईंत जी संस्था उभी राहिली, तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनीं 1891 सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रांत शिकविलें कीं मालकी माणसाच्या स्वतःची असूं शकते, पण तिचा उपयोग इतरांची गरज ओळखूनच व्हावा. ही शिकवण या संस्थांनीं खातेवहींत उतरविली.

लॅटिन भाषेंत ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी श्रद्धा ठेवतों’. रविवारीं आपण जो श्रद्धेचा अंगीकार करतों, त्याचा लॅटिनमधील पहिला शब्द हाच. आणि इंग्रजींतील ‘क्रेडिट’ हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. वेदीपाशीं जी श्रद्धा, तीच बाजारांत पत. या दोन वस्तु एकमेकींपासून तुटल्या म्हणजे बाजार निर्दय होतो आणि वेदी पोकळ होते.

गेल्या चाळीस वर्षांत आपल्या भागांत काय घडलें हें आपण जाणतांच. शेती परवडेना, मजूर मिळेना, कित्येक विहिरींचें पाणी खारें झालें. आणि मुंबईच्या वाढीमुळें जमिनीस असा भाव आला कीं शंभर वर्षांचीं पिकें मोजलीं तरी तेवढी रक्कम होऊं नये. 1989 च्या सुमारास ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, तिच्यांत आपल्यांपैकीं अनेकजण होते. त्याच काळांत अनेकांनीं वाड्या विकल्याही. विकणाऱ्यांस मी दोष देत नाहीं. मुलीचें शिक्षण, म्हाताऱ्या आईचें औषधपाणी, मुलाचें घर, यांचा खर्च केळीच्या घडांवर कसा भागावा?

पण एका गोष्टीची कबुली आज मला द्यावयाची आहे. पूर्वीच्या एका धर्मग्रामांत असतांना दोघां भावांनीं वडिलोपार्जित वाडी विकली. वांटणीवरून त्यांचें बोलणें बंद झालें. दोघेही मजकडे निरनिराळे आले, व मंदिराच्या कामासाठीं दोघांनींही मोठ्या देणग्या दिल्या. त्यांच्यांतील वैर मला ठाऊक होतें. वेदीवर दान ठेवण्यापूर्वीं भावाशीं समेट करावा, हें प्रभूचें सांगणें त्याच वेदीवरून मीं कितीदां वाचलें होतें! तरीही मीं पाकिटें घेतलीं, रविवारीं दोघांचीं नांवें घेऊन आभार मानले, आणि त्यांच्या घरीं गेलों नाहीं. कांहीं वर्षांनीं थोरला भाऊ मला भेटला व म्हणाला, “फादर, पैशाला तोटा नाहीं, पण सकाळीं उठून जावें कोठें, हें कळत नाहीं.” वाडी गेली तेव्हां तिच्याबरोबर बांधावरची भेट गेली, पाण्याची पाळी गेली, अडल्यास हांक मारण्याचें घर गेलें. पैसा या सर्वांचें मोल देऊं शकतो, पण यांतील एकही वस्तु परत आणून देऊं शकत नाहीं. माणूस ज्याला जीविताचा अर्थ म्हणतो, तो बहुधा कोणास तरी आपली गरज असण्यांत असतो. धाकटा भाऊ पुढें वारला. तो समेट आतां या लोकीं होणें नाहीं, आणि त्यांतील माझा वांटा माझ्याजवळच राहिला आहे.

म्हणून या ज्युबिलीसाठीं माझी आपणांस दोन गोष्टींची विनंति आहे. स्मरणिकेंत देणगीदारांचीं नांवें छापलीं जातील, रकमा छापूं नयेत. आणि ज्याचा भावाशीं किंवा शेजाऱ्याशीं अबोला आहे, त्यानें देणगी देण्यापूर्वीं त्याचें दार ठोठवावें. एकट्यानें जाण्याचा धीर होत नसेल, तर मला बोलवावें. मी बरोबर येईन. दुसरी विनंति अशी कीं वाडीवाडींतून चार-पांच विश्वासू कुटुंबांनीं एकत्र यावें व आपल्या भागांत जो अडला असेल त्यास जामीन राहावें. मग तो जुना वाडीवाला असो किंवा नव्या इमारतींत भाड्यानें राहावयास आलेला असो.

विकलेल्या वाड्या आतां परत यावयाच्या नाहींत. परंतु पत परत येऊं शकते. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें अशी आज्ञा आहे. तें शिंग आपल्या बँडच्या आवाजांत बुडूं नये, एवढेंच मागणें मी प्रभूपाशीं करतों, आणि आपणांपाशींही.