रघुवीर घाटापलीकडे



मागच्या उन्हाळ्यात मी खेडहून मोटारसायकलने रघुवीर घाट चढून सातारा जिल्ह्यातील शिंदी गावी गेलो. वाटेत दरडीचे दगड. खडीवरून गाडी दोनदा घसरली, गुडघा फुटला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने हे कांदाटी खोरे आपल्याच महाबळेश्वर तालुक्यापासून तोडले आहे. तिकडे जायचे तर लाँच, इकडे यायचे तर हा घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही बंद.

गावात एक म्हातारे बाबा भेटले. म्हणाले, "नात खेडला शिकते. येणंजाणं कठीण आहे, पण म्हणून थांबवून कसं चालेल?"

मी मान खाली घातली. 'कॉलेज लांब पडते' म्हणून माझ्या मुलीचे नाव मीच कमी केले होते, आणि आमच्या तर दारात एस.टी. थांबते!

बंधुभगिनींनो, आपल्या दीनमध्ये पहिलाच आदेश वाचण्याचा आहे. परत येताच मी मुलीचे नाव पुन्हा घातले. आपल्या घरी कुणाचे शिक्षण असे थांबले असेल, तर येत्या जूनमध्ये ते सुरू करा. अल्लाह आपल्याला तशी हिंमत देवो, आमीन.