मत आमचें, सरकार कोणाचें?

(दादर येथील सभेंत झालेलें भाषण)



आपणांपैकीं पुष्कळजण आज एस. के. बोले मार्गावरून येथें आलां असाल. या रावबहादूर बोल्यांनीं १९२३ सालीं कायदेमंडळांत ठराव आणला कीं, सार्वजनिक तळीं, विहिरी, शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात. ठराव पास झाला. पण महाडच्या तळ्याचें पाणी प्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजीं लोकांसह स्वतः चालत जावें लागलें. तेव्हां मत मूठभर लोकांना होतें. आतां अठरा वर्षांवरील सर्वांस आहे. मग सरकार बहुमताचें झालें काय?

आपल्या माहीम मतदारसंघाचाच हिशोब घ्या. २०२४ सालीं विधानसभेला महेश सावंत ५०,२१३ मतांनीं निवडून आले. सदा सरवणकरांना ४८,८९७ व अमित ठाकऱ्यांना ३३,०६२ मतें पडलीं. निकाल लागला १,३१६ मतांनीं, आणि जवळजवळ ८२ हजार मतदारांच्या हातीं कांहींच आलें नाहीं. यांत सावंतांचा दोष नाहीं, कायदाच तसा आहे. महालक्ष्मीच्या शर्यतींत दुसऱ्या घोड्यालाहि कांहीं मिळतें, येथें तेंहि नाहीं!

बरें, निवडलेला तरी आमचा राहतो काय? २०१९ सालीं आपण एकदांच मत दिलें. त्या एका विधानसभेंत फडणवीस, उद्धव ठाकरे, शिंदे असे तीन मुख्यमंत्री झाले. पक्ष फुटले, जुळले. तुम्हांला विचारलें कोणीं? म्हैस विकतांनासुद्धां घरधनी घरांत विचारतो. आणि मुंबई महापालिका? तिची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली. पुढें तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. नळ, गटार, कचरा सारें प्रशासकाच्या सहीवर. गाऱ्हाणें सांगायचें कोणाला?

उपाय नाहीं असें नाहीं. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत, जेथें एका मतदारसंघांतून अनेक सभासद निवडायचे, तेथें मतदार आपलीं सारीं मतें एकाच उमेदवाराला देऊं शके. संख्येनें थोडा असलेला समाजहि त्यामुळें आपला माणूस धाडूं शके. त्याच निवडणुकींत भायखळा-परळमधून बाबासाहेब निवडून आले. ती सोय गेली. बहुजनसमाजानें ती परत मागण्यास हरकत कोणती?

पण कायदा बदलेपर्यंत स्वस्थ बसूं नका. उमेदवार चाळींत आला म्हणजे हार घालण्यापूर्वीं विचारा, "पक्ष बदललात तर राजीनामा देऊन पुन्हां आमच्यापुढें उभे राहाल काय?" उत्तर चार माणसांदेखत घ्या, आणि कागदावर घ्या.